कोसंबींचा एच-इंडेक्स काढायला बसलं तर

आमच्या लायब्ररीत फेब्रुवारी-मार्च आला की सर-मॅडम लोकांची रांग लागते. माझा एच-इंडेक्स काढून द्या, सायटेशन किती झाले बघा, स्कोपसमध्ये, म्हणजे सायटेशन मोजणाऱ्या डेटाबेसमध्ये, माझं नाव दोनदा दिसतंय ते एक करून द्या. कॅसची म्हणजे प्रमोशनची फाइल, कॉलेजच्या मूल्यांकनाचा नॅकचा डेटा, क्रमवारीचा एनआयआरएफचा डेटा, सगळीकडे तेच आकडे लागतात आणि ते काढायचं काम लायब्ररीयनच्या गळ्यात, कारण पासवर्ड आमच्याकडे असतात. तर हे काम करता करता माझ्या डोक्यात एक खूळ शिरलं, की गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी आज आपल्या काउंटरवर आले आणि म्हणाले की माझं प्रोफाइल करून द्या, तर काय होईल? ते तसं म्हणाले नसते हे माहितीये, उलट मलाच चार गोष्टी सुनावून गेले असते, पण कल्पना करायला काय जातंय.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या पेपरचा उल्लेख दुसऱ्या कोणी आपल्या पेपरात केला की झालं एक सायटेशन. तुमचे दहा पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान दहा सायटेशन आहेत, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. अकरा व्हायचं असेल तर अकरा पेपरना प्रत्येकी अकरा लागणार. होर्हे हर्श नावाच्या फिजिक्सवाल्याने २००५ मध्ये हे काढलं आणि तेव्हापासून सगळं जग त्याच्या मागे लागलंय. सायटेशन मोजणं त्याच्याही आधीचं, युजीन गारफील्ड यांनी फिलाडेल्फियातून १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू केला. पण गंमत अशी की त्यांना माणसं मोजायचीच नव्हती मुळात. वकील लोकांकडे एक सूची असते ना, अमुक जुना निकाल पुढे कुठल्या कुठल्या केसमध्ये वापरला गेला त्याची, अमेरिकेतली ती सूची बघून त्यांना वाटलं की सायन्सच्या पेपरांचंही असं करता येईल, म्हणजे एक जुना पेपर हातात धरून पुढे कोण कोण त्या वाटेनं गेलं ते शोधता येईल. साधन होतं शोधायचं, झालं प्रमोशनचं. असो.

तर कोसंबी. जन्म गोव्यात, ३१ जुलै १९०७. शिक्षण थोडं पुण्यात, बाकी अमेरिकेत, १९२९ ला हार्वर्डमधून पदवी. मग बनारस, मग अलीगढ, १९३३ पासून बारा वर्षं फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं, पुढे मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) गणिताचे प्रोफेसर, राहायला मात्र पुण्यातच, भांडारकर इन्स्टिट्यूटच्या रस्त्यावर, आणि डेक्कन क्वीनने जा-ये. २९ जून १९६६ ला गेले, साठीसुद्धा गाठली नाही. आणि एवढ्यात शंभराच्या वर लेख आणि पुस्तकं, गणित, संख्याशास्त्र, जेनेटिक्स, नाणी, संस्कृत, पुरातत्त्व, इतिहास. यातल्या प्रत्येक विषयात वेगळी माणसं त्यांना ओळखतात आणि बरेचदा एकमेकांचे कोसंबी एकमेकांना माहीत नसतात. माझ्या ओळखीतल्या एका प्लँट ब्रीडिंगवाल्या पोराला, जो दिवसभर कोसंबी कोसंबी करत असतो, मी म्हटलं की अरे ते इतिहासवाले कोसंबी, तर तो म्हणाला ते वेगळे असतील मॅडम, हे जपानी आहेत ना.

प्रोफाइल करायचं म्हटलं की पहिली कटकट नावाची. कॉम्प्युटरला माणूस कळत नाही, अक्षरं कळतात. डी. डी. कोसंबी, डी. कोसंबी, दामोदर कोसंबी, सगळे वेगळे. आता डी. कोसंबी म्हणजे कोण? वडीलसुद्धा डी. कोसंबीच की, धर्मानंद कोसंबी, पालीचे आणि बौद्ध धर्माचे एवढे मोठे पंडित. हार्वर्ड ओरिएंटल सिरीजमध्ये ४१ वा खंड आहे विसुद्धिमग्ग हा पालीतला बौद्ध ग्रंथ, वॉरन यांनी केलेलं संपादन धर्मानंदांनी सुधारून पुरं केलं, छापून आलं १९५० मध्ये. आणि त्याच सिरीजचा ४२ वा खंड, १९५७ चा, सुभाषितरत्नकोश, त्याचे संपादक दामोदर कोसंबी आणि व्ही. व्ही. गोखले. एक्केचाळीस वडिलांचा, बेचाळीस मुलाचा, आडनाव एक, आद्याक्षर एक, सिरीज एक. ऑथर डिसअँबिग्युएशनचं, म्हणजे सारख्या नावांचे लेखक वेगळे ओळखायचं, ट्रेनिंग द्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळायचं नाही. पुढे मुलगी मीरा कोसंबी, समाजशास्त्रज्ञ, त्यांचं काम पुन्हा वेगळं.

बरं नावाचं निस्तरलं, यादी सायटेशनप्रमाणे लावली. सगळ्यात वर काय येतं? इतिहासाचं पुस्तक येईल असं आपल्याकडच्या माणसाला वाटतं. मला पण वाटायचं. पण वर बसलेला असतो एक चार पानांचा पेपर, हो चारच पानं, १७२ ते १७५, अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स, १९४४. फर्ग्युसनमध्ये शिकवत असतानाचा. विषय असा की रिकॉम्बिनेशनच्या टक्क्यांवरून गुणसूत्रावरचं अंतर कसं काढायचं. याचे सायटेशन हजारोंच्या घरात आहेत आणि अजून वाढतायत.

हे जरा नीट बघू, कारण सगळी गोम इथे आहे. एका गुणसूत्रावर दोन जनुकं आहेत. पुढच्या पिढीत जाताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, त्यात ही दोन जनुकं कधी एकत्र राहतात कधी फुटतात. जितकी लांब तितकी जास्त वेळा फुटणार. म्हणजे फुटण्याच्या टक्क्यांवरून अंतराचा अंदाज येतो. पण सरळ हिशोब चालत नाही, कारण दोघांच्या मध्ये दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र आलेली दिसतात, आणि आपल्याला वाटतं काही झालंच नाही. शिवाय टक्के पन्नासच्या वर जातच नाहीत, कितीही लांब असू द्या. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये यावर सूत्र दिलं, त्यात त्यांनी धरलं की प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र, एकीचा दुसरीशी संबंध नाही. पण प्रत्यक्षात संबंध असतो. एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या अगदी जवळ दुसरी सहसा होत नाही, याला इंटरफिअरन्स म्हणतात. कोसंबींनी काय केलं, तर जवळ असताना हा अडथळा जवळजवळ पूर्ण आणि लांब गेलं की हळूहळू शून्य, असं धरून सूत्र मांडलं. अंतर म्हणजे १ अधिक २आर भागिले १ उणे २आर, त्याचा नॅचरल लॉग, आणि त्याचा पाव हिस्सा. बस. इथे आर म्हणजे फुटण्याचं प्रमाण.

आकडे घालून बघा. समजा २० टक्के वेळा जनुकं फुटलेली दिसली. हाल्डेनच्या सूत्राने अंतर येतं २५.५ सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक), कोसंबींच्या सूत्राने २१.२. तेच ३० टक्के धरलं तर हाल्डेन म्हणतात ४५.८ आणि कोसंबी ३४.७. केवढा फरक. आता भात, गहू, ज्वारी, तूर, जे कुठलं पीक असेल त्याचा जनुकांचा नकाशा करायचा तर शेकडो अशी अंतरं काढावी लागतात, आणि कुठलं सूत्र वापरलं ते सांगावंच लागतं, नाहीतर नकाशा दुसऱ्याच्या नकाशाशी जुळायचा नाही. म्हणून मॅपमेकर, जॉइनमॅप, आर/क्यूटीएल, असली जी सॉफ्टवेअर आहेत त्यांच्यात पर्यायच दिलेला असतो, हाल्डेन की कोसंबी. बटन दाबायचं आणि पेपरात एक ओळ टाकायची, अंतरं कोसंबी फंक्शनने काढली, कंसात कोसंबी १९४४. ती चार पानं उघडून वाचणारे किती असतील ते सोडा, पण ओळ टाकल्याशिवाय पेपर पुढे सरकत नाही.

माझं सरळ मत असंय की सायटेशन म्हणजे तुमचं नाव लिहिणं ज्यांना भाग पडतं त्यांची मोजदाद. किती लोकांनी वाचलं, किती लोकांची झोप उडवली, किती लोकांनी विचार बदलला, ते वेगळं खातं आहे आणि त्याचं पासबुक कोणी छापत नाही. आणि एच-इंडेक्सची तर अजून मजा, हजारो सायटेशनवाला हा पेपर एच-इंडेक्समध्ये मोजला जातो फक्त एक म्हणून. एकच. त्याच्या जागी वीस सायटेशनचा पेपर असता तरी फारसा फरक पडला नसता. शिवाय ते जर्नलही नाव बदलून बसलंय, १९५४ पासून ते अ‍ॅनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स झालं, कारण युजेनिक्स, म्हणजे माणसाचा वंश सुधारायचं तथाकथित शास्त्र, हा शब्द तोवर बदनाम झालेला, त्यामुळे कोणी जुन्या नावाने लिहितं कोणी नव्या, आणि मग एकाच पेपरच्या दोन-तीन नोंदी होऊन सायटेशन विभागले जातात. आमच्या सरांच्या बाबतीत असं झालं की ते मला फोनवर फोन करतात.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण, आणि तेही त्याच माणसाचं, एकच वर्ष आधीचं. १९४३ ला जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीमध्ये त्यांचा पेपर आला, स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस. त्यातली कल्पना ढोबळपणे अशी, की एखादी वेडीवाकडी, दर वेळी वेगळी येणारी लहर असेल तर ती काही ठरावीक मूळ आकारांची बेरीज म्हणून मांडता येते, आणि ते आकार असे निवडता येतात की पहिल्या थोड्याच आकारांत बहुतेक सगळा चढउतार येऊन जातो, बाकीचे टाकून दिले तरी चालतं. आज फोटो लहान करून साठवण्यापासून चेहरा ओळखण्यापर्यंत आणि पाण्याच्या खळबळीचा अभ्यास करण्यापर्यंत हे सगळीकडे वापरतात. पण ओळखतात कुठल्या नावाने? कारुनेन-लोएव्ह. कारी कारुनेन फिनलंडचे, मिशेल लोएव्ह फ्रान्समार्गे अमेरिकेत गेलेले, दोघांनी आपापलं स्वतंत्र केलं, त्यांचं काही चुकलं असं नाही, पण कोसंबी आधीचे. युद्ध चालू, जर्नल भारतातलं, बाहेर कितीसं पोचणार. आता आता कुठे काही लोक कोसंबी-कारुनेन-लोएव्ह असं तीन नावांनी लिहायला लागलेत. त्यात अजून एक आहे, की एखादी गोष्ट फारच कामाची निघाली की पुढे तिचं मूळ कोणी सांगतच नाही, ती सगळ्यांची होऊन जाते, समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी यावर लिहिलेलं आहे. म्हणजे कारुनेनचा मूळ पेपर तरी कोण उघडतं आज? तर एक पेपर बटनामुळे हजारोंत आणि दुसरा, माझ्या मते गणित म्हणून जास्त खोल, तो कोपऱ्यात.

शुद्ध गणितात तर आकडे मुळातच लहान असतात. जेनेटिक्सवाला एका पेपरात साठ-सत्तर संदर्भ देतो, गणितवाला आपला दहा-पंधरात आटोपतो, तर सायटेशन येणार कुठून. १९३३ मध्ये मॅथेमॅटिश झाइटश्रिफ्ट या जर्मन जर्नलात कोसंबींचा पाथ-स्पेसवरचा, म्हणजे वाटांच्या भूमितीवरचा, पेपर आला, आणि त्याला लागून कोणाचं टिपण छापलंय तर फ्रेंच गणिती एली कार्टन यांचं, म्हणजे त्या विषयातले बापमाणूस, शीर्षकच असं की आधीच्या लेखाबद्दल काही निरीक्षणं. सव्वीस वर्षांच्या पोराच्या पेपरला एवढ्या माणसाने तिथल्या तिथे उत्तर देणं ही गोष्ट कुठल्या इंडेक्समध्ये बसवायची सांगा. पुढे चर्न या गणितींनी त्यात भर घातली आणि आज तो विषय कोसंबी-कार्टन-चर्न सिद्धांत म्हणून ओळखतात, केसीसी. आणि मधे कित्येक वर्षं शांत पडलेला तो विषय आता पुन्हा वर आलाय, एखादी प्रणाली थोडी ढकलली तर सावरते की कोलमडते हे तपासायला फिजिक्स आणि बायोलॉजीवाले तो वापरतायत. प्रमोशनच्या फॉर्ममध्ये मागच्या तीन की पाच वर्षांचे सायटेशन विचारतात, इथे उत्तर यायला साठ-सत्तर वर्षं लागली.

आणि या माणसाने सायटेशनची चेष्टाही करून ठेवलीये, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अलीगढला असताना तिथे फ्रेंच गणिती आंद्रे वेल होते, त्यांनीच कोसंबींना तिथे आणलेलं. एका सहकाऱ्याशी कोसंबींचं फाटलं होतं, तर वेलनी सुचवलं की याची जरा जिरवू. मग १९३१ मध्ये अलाहाबादच्या एका अकादमीच्या बुलेटिनमध्ये कोसंबींचा पेपर आला, बूर्बाकीच्या दुसऱ्या प्रमेयाचं व्यापक रूप. आता हा डी. बूर्बाकी कोण तर कोणीच नाही, रशियन गणिती म्हणून त्याला जन्माला घातलेला. चार-पाच वर्षांनी वेल आणि मित्रमंडळींनी फ्रान्समध्ये निकोला बूर्बाकी या नावाने जो गट काढला, त्या नावाखाली विसाव्या शतकातलं केवढं गणित लिहिलं गेलं, पण ते नाव छापील पेपरात पहिल्यांदा आलं ते इथे, कोसंबींच्या हातून. म्हणजे बूर्बाकीचं पहिलं सायटेशन चक्क थापेचं! आज कोणी असं केलं तर पेपर मागे घ्यायला लावतील आणि चौकशी कमिटी बसेल, त्या कमिटीचा अहवालसुद्धा बहुतेक मलाच टाइप करावा लागेल.

एवढे विषय एका माणसाने केले म्हणजे आज इकडे उद्या तिकडे असं नव्हतं ते. एकातून दुसरं निघत गेलं. संख्याशास्त्र शिकायचं तर हाताशी काहीतरी खरी सामग्री पाहिजे म्हणून त्यांनी घेतली नाणी, आपली प्राचीन ठसे मारलेली चांदीची नाणी, ज्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसती चिन्हं. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांची वजनं घेतली आणि विचार केला की नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, त्यामुळे जुन्या नाण्यांचं सरासरी वजन कमी भरणार आणि एका नाण्याच्या आणि दुसऱ्याच्या वजनातला फरकही वाढणार. मग पाठीमागचे छोटे ठसे मोजले, जे चलनात असताना तपासणी करणारे मारायचे असं मानतात, तर जितके ठसे जास्त तितकं वजन कमी. म्हणजे नाव नसलेल्या नाण्यांची आधी-नंतरची क्रमवारी नुसत्या तराजूवर लागली. एवढ्यावर थांबले नाहीत, चालू चलनातली साधी नाणी गोळा करून तीही एकेक तोलली, झीज खरंच अशी होते का ते बघायला. हे काम १९४० पासून छापून यायला लागलं आणि मरायच्या चार-पाच महिने आधी, फेब्रुवारी १९६६ च्या सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांनी ते सगळ्या जगाला सोपं करून सांगितलं. नाणकशास्त्र हा विषय एवढासा, जगात तो करणारे मोजके, तिथे सायटेशन हजारोंत जाणारच नाहीत.

मग ही नाणी पाडली कोणी, त्या काळी समाज कसा होता, हे शोधायचं तर जुने ग्रंथ वाचायला हवेत, ते वाचायचे तर संस्कृत पक्कं हवं, म्हणून संस्कृत. आणि नुसतं वाचलं नाही, भर्तृहरी घेतला, त्याच्या शतकांच्या देशभरातल्या शेकडो हस्तलिखितांची तुलना केली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती काढली. ज्याला आपण भर्तृहरी म्हणून पाठ करतो त्यातलं सगळ्या परंपरांत समान असं किती, तर साधारण दोनशे श्लोक, बाकी कुठे आहे कुठे नाही. हे पण एका अर्थी संख्याशास्त्रवाल्याचंच डोकं. अशा आवृत्तीचं सायटेशन कसं होतं माहितीये? लोक श्लोक देतात आणि भर्तृहरी लिहितात. संपादक गायब. चाळीस हस्तलिखितं घेऊन बसलेल्या कोणालाही विचारा, किती वर्षं जातात एका आवृत्तीत, आणि आपल्या एपीआयच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या गुणांच्या, तक्त्यात संपादित पुस्तकाला स्वतःच्या पुस्तकापेक्षा कमी गुण.

इतिहासाची पुस्तकं तर तुम्हाला माहीतच आहेत, १९५६ चं भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची ओळख करून देणारं, १९६२ चं मिथ अँड रिअ‍ॅलिटी, १९६५ चं प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचं. गुगल स्कॉलरवर यांचेही सायटेशन भरपूर दिसतात, पण वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस उघडलं की धपकन खाली, कारण तिथे मुख्यतः जर्नलं मोजतात आणि इतिहासवाले बोलतात पुस्तकांतून. त्यातही इंग्रजी पुस्तकांतून. मराठीत विचारवंत शरद पाटलांनी कोसंबींशी केवढा वाद घातलाय, पानंच्या पानं, मार्क्स-फुले-आंबेडकर अशा बाजूने उभं राहून, कोसंबींना एवढं गंभीरपणे घेणारा वाचक विरळा, पण त्याची नोंद कुठल्याही डेटाबेसमध्ये शून्य. मराठी, हिंदी, बंगाली, कानडी, मल्याळम, जिथे जिथे कोसंबी वाचले आणि भांडले गेलेत त्या सगळ्या तळटिपा हवेत विरल्या. आणि या पुस्तकांतला माल तर इथलाच. पुण्याच्या टेकड्यांवर फिरून वेचलेली दगडी हत्यारं, कार्ल्याच्या लेण्यातले ब्राह्मी लेख, वाकडचा म्हातोबा, बोल्हाई, रस्त्याकडेची शेंदूर फासलेली ठाणी, आणि त्यांची जुन्या पायवाटांशी, जनावरं घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वाटांशी लावलेली सांगड. आज वाकड म्हटलं की ट्रॅफिक आणि आयटीवाल्यांचे टॉवर आठवतात, पण त्या म्हातोबावर एका टीआयएफआरच्या गणिताच्या प्रोफेसरने लिहिलेलं आहे हे तिथल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका एकदा.

दरवर्षी पेपरात बातमी येते ना, जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत आमच्या कॉलेजचे अमुक सर, ती स्टॅनफर्डवाल्या आयोनिडिस यांची यादी. त्यात प्रत्येकाला एक मुख्य विषय आणि एक-दोन उपविषय चिकटवतात, पेपर जास्त कुठे आहेत ते बघून. विषयाप्रमाणे तुलना करायला हवी हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, गणितवाल्याला जेनेटिक्सवाल्याशेजारी उभं करणं अन्यायाचंच. पण जो माणूस सहा घरांत राहतो त्याचं काय? गणितात टाकलं तर जेनेटिक्सचे हजारो सायटेशन आल्याने तो गणितातला चमत्कार दिसेल. जेनेटिक्समध्ये टाकलं तर तिथे खरं म्हणजे एक पेपर, आणि वर एस. राघवाचारींबरोबर भारतातल्या जन्म-मृत्यूदराच्या ऋतुमानाप्रमाणे होणाऱ्या चढउतारावरचे दोन. इतिहासात टाकलं तर चार पानांच्या सूत्राचा इतिहासाशी काय संबंध. बेरीज करता येते म्हणून करायची, एवढाच त्याला अर्थ.

आता कडू भाग. कोसंबींच्या यादीत असेही पेपर आहेत ज्यांना सायटेशन न मिळणंच ठीक म्हणायला हवं. १९५९ मध्ये जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल स्टॅटिस्टिक्स, हो कृषी संख्याशास्त्राचं जर्नल, त्यात त्यांनी मूळ संख्यांवर संभाव्यतेची पद्धत लावून थेट रिमान हायपोथिसिसपर्यंत, म्हणजे मूळ संख्या कशा पसरल्यात याच्याशी जोडलेल्या प्रसिद्ध कोड्यापर्यंत, मजल मारली. तो प्रश्न आजही सुटलेला नाही, आणि त्यांच्या मांडणीने तो सुटला नव्हता. गणितवाल्यांत त्यांची पत त्याने गेली, आणि १९६२ ला टीआयएफआरने त्यांचा करार पुढे वाढवला नाही. त्यामागे इतरही कारणं सांगतात, त्यांचे विचार, त्यांचा स्वभाव, टीआयएफआरचे संस्थापक होमी भाभा यांच्याशी बिघडलेलं, अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जेकडे बघा असं त्यांचं जाहीर सांगणं. पण त्या पेपराने विरोधकांच्या हातात कोलीत दिलं हे खरं. मला विचाराल तर ज्या माणसाने नाणी तोलून इतिहास काढला त्याने मूळ संख्यांनाही नाण्यांसारखंच मोजायला घेतलं, आणि ते काही तसं हाताला लागेना. गणितात अंदाज बरोबर असून भागत नाही.

आणि याच काळात, मूळ संख्यांवरचेच काही पेपर त्यांनी वेगळ्या नावाने छापलेत, एस. डुक्रे. मुंबई विद्यापीठाच्या जर्नलात. त्यामुळे प्रोफाइल करताना शेवटी हा प्रश्न येतोच, की एस. डुक्रे या लेखकाला कोसंबींच्या खात्यात मर्ज करायचं का नाही. नियमाने करायला हवं. केलं तर अजून एक भानगड, डुक्रे आणि कोसंबी यांनी एकमेकांचे उल्लेख केलेले असतील तर ते सगळे सेल्फ-सायटेशन, म्हणजे स्वतःच स्वतःचे उल्लेख, ठरणार आणि वजा होणार. मी असते तर डुक्रेंचं खातं वेगळंच ठेवलं असतं. बघू दे एनआयआरएफवाल्यांना काय करायचं ते.